माझ्या अर्ध्या तासाचे वीस रुपये

परवा लेकीचा पुण्याहून फोन आला. पुस्तकांच्या दुकानात उभी होती. म्हणाली, "आई, दोन पुस्तकं बघतेय. एक पैशावर आहे, एक आनंदावर. दोन्ही घेतली तर सूट देतोय. घेऊ का?"

मी म्हटलं, "ठेव खाली."

"अगं, पण का?"

"ठेव म्हटलं ना. त्या पैशाचे शेंगदाणे घे. निदान कूट तरी होईल."

ती हसली, फोन ठेवला आणि दोन्ही पुस्तकं घेतली. मला माहीतच होतं. माझीच लेक ती, मी तरी कुणाचं ऐकलं होतं? माझ्या कपाटात वरच्या फळीवर असली चार पुस्तकं पिशवीत घालून गाठ मारून ठेवलीत. टाकवत नाहीत, कारण पैसे पडलेत. वाचवत नाहीत, कारण संताप येतो. ही पुस्तकं घ्यावीत का, याचं माझं उत्तर लांबलचक आहे आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहून काढते.

पहिलं पुस्तक घरात आणलं ते ह्यांनी. हे शेंद्र्याला कंपनीत होते. तिथं एकदा टाय लावलेला एक माणूस भाषण द्यायला आला आणि कामगारांना म्हणाला, महिन्याला एक पुस्तक वाचा, बघा नशीब कसं पालटतं ते. ह्यांना लगेच पटलं. ह्यांना भाषण देणाऱ्याचं सगळंच पटतं, फक्त बायकोचं सोडून. त्याच संध्याकाळी क्रांती चौकात कंपनीच्या बसमधून उतरले आणि दीडशे रुपयांचं पुस्तक घेऊन आले. वर चित्र होतं, एक माणूस नाण्यांच्या पायऱ्या चढतोय. ह्यांनी अकरा पानं वाचली, बाराव्यावर चष्मा ठेवला आणि घोरायला लागले. ते पान अजून दुमडलेलंच आहे. पुढचं सगळं पुस्तक मी वाचलं, तिथंच घात झाला.

तेव्हा मी घरी ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. मशीनवर बसून पाठ धरली की पुस्तक उघडायची. लिहिणारा कुठला होता देव जाणे, पण त्याच्या नळाला रोज पाणी येत असणार. पहिल्याच धड्यात म्हणतो, पहाटे पाचला उठा आणि तो एक तास फक्त स्वतःसाठी ठेवा. अरे बाबा, आमच्या शहागंजमागच्या गल्लीत पाणी यायचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ते पहाटे पाचला येणार की भर दुपारी, हे व्हॉल्व्ह खोलणाऱ्या माणसालाच ठाऊक. आलं की जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात हौद, ड्रम, हंडे, कळशा, बादल्या आणि पाणी उरलंच तर भाजीचं पातेलंसुद्धा भरायचं. आमच्या गल्लीत लग्नाची पत्रिका आली की बायका तारीख बघून आधी बोटावर मोजायच्या, पाण्याचा दिवस तर नाही ना. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हे कसं कळावं?

हे सगळं कळत असूनही चौथा धडा मला आवडला, लई आवडला. त्यात लिहिलं होतं, तुमच्या तासाची किंमत काढा. महिन्याची कमाई घ्या, कामाच्या तासांनी भागा. जो आकडा येईल तो तुमचा भाव. आणि तुमचा तास जो फुकट नेतो, तो तुमच्या खिशात हात घालतो. मी ब्लाऊज शिवणारी बाई. माझा काही भाव असतो, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. खडूनं मशीनच्या लाकडावरच भागाकार केला. तासाला चाळीस रुपये आले. मग मी डोळे वर करून बघायला लागले की माझे चाळीस रुपये कोण कोण नेतंय. सगळ्यात आधी दिसली ती शेजारची खाला.

खाला म्हणजे मावशी, अख्खी गल्ली तिला तसंच म्हणायची. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी. साठी उलटलेली, नवरा कधीच गेलेला, मुलगा जालन्याला वेल्डिंगचं काम करायचा. मुलगा बोलवायचा, पण ही गल्ली सोडून जायची नाही. गुडघे पार गेलेले. तिचं घर चढावर, तिच्या नळाला पाण्याचा जोरच यायचा नाही, नुसतं फुसफुसायचं. म्हणून मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची पद्धत अशी होती, की आमचा हौद भरला की आमच्याच मोटारीची नळी भिंतीवरून तिच्या अंगणात टाकायची आणि तिचे दोन ड्रम भरून द्यायचे. नळी घसरू नये म्हणून भिंतीवर एक वीट ठेवलेली असायची. पाण्याची चाहूल सगळ्यात आधी खालाला लागायची. भिंतीपलीकडून हाक यायची, "पानी आया री." माझ्या घरचं घड्याळ बंद पडलं असतं तरी चाललं असतं, पण ती हाक नसती तर आमचे हंडे कोरडेच राहिले असते.

तिच्या ड्रमांना अर्धा तास लागायचा. म्हणजे वीस रुपये. महिन्यातून आठ-दहा वेळा. मी मनात हिशेब केला आणि खरं सांगते, मला खालाचा राग आला. ज्या बाईनं माझ्या लेकीला शाळेतून आल्यावर रोज वरण-भात भरवला, तिचा.

सरळ पैसे मागायला जीभ रेटेना. मग मी शहाणपणानं बोलले. शहाणपणानं म्हणजे पुस्तकातल्यासारखं. म्हटलं, "खाला, सध्या लग्नाचा सीझन आहे. माझा वेळ लई जातो. तुम्ही पाण्यासाठी कुणीतरी बघा ना पैसे देऊन."

खाला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कित्ते लेते?"

"घेत असतील वीसेक रुपये."

"तो तूच ले ना बेटी. दूसरे को कायकू देना?"

पुढच्या पाण्याला मी नळी टाकायला गेले, तर भिंतीवरच्या विटेखाली वीसची नोट, नीट घडी घातलेली. मी ती घेतली. इथं थांबून मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते, पण तेव्हा मी ती नोट घेतली आणि खूश झाले. एका पत्र्याच्या डब्यात टाकली. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, बघा, तुमचं पुस्तक मी वसूल केलं. हे म्हणाले, "खालाकडून?" आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. असं उठून जाण्यापेक्षा एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं, असं नंतर मला कितीदा वाटलं.

दोन-तीन महिने असंच चाललं. वीट उचलायची, नोट घ्यायची, नळी टाकायची. खालाची हाक यायची तशीच यायची. लेक तिच्याकडं जायची तशीच जायची. आणि माझ्या ब्लाऊजांची पिशवीही तिच्याकडं जायची तशीच जायची. हे पिशवीचं मी मुद्दाम आत्ता सांगतेय, कारण तेव्हा माझ्याही ते डोक्यात आलं नव्हतं. ब्लाऊज शिवणं एक, आणि त्याला हूक लावणं, काजं करणं, तुरपाई करणं दुसरं. ते हातकाम खाला करायची. पिशवी भिंतीवरून तिकडं जायची, दुसऱ्या दिवशी हूक लावून परत यायची. माझी गिऱ्हाइकं म्हणायची, बाई, तुमच्याकडचा हूक कधी निघत नाही. मी म्हणायची, आपलं काम असंच असतं. आपलं म्हणे.

मग एकदा शेंद्र्याला दिराच्या घरी बारसं होतं. पाण्याला अजून दोन दिवस आहेत असं धरून आम्ही मुक्कामाला गेलो. परत आलो तर हौद काठोकाठ, हंडे-कळशा भरून फडक्यानं झाकलेल्या, ड्रम तर आतून घासलेलासुद्धा. पाणी एक दिवस आधीच येऊन गेलं होतं. आमच्या घराची किल्ली खालाकडं असायची. दोन पायऱ्या चढायला जिला भिंत धरावी लागते, त्या बाईनं पाऊण तास मोटार सांभाळून माझं घर भरून ठेवलं होतं.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? तिच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं असतं. मी पर्स उघडली. पुस्तकात होतं ना, दुसऱ्याच्या वेळेचाही मान ठेवा, व्यवहार चोख ठेवा. पर्समध्ये वीसची एकच नोट होती, मधोमध फाटलेली, टेप लावलेली. दोन दुकानदारांनी परत केलेली. तीच मी खालाच्या हातावर ठेवली. म्हटलं, "घ्या खाला, तुमचे पाण्याचे."

खालानं नोट उजेडात धरली. उलटीपालटी करून बघितली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर माझी सुटका झाली असती. ती म्हणाली, "हौ. सबकेच वक्त की कीमत होती." नोट दुपट्ट्याच्या पदराला बांधली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ब्लाऊजांची पिशवी परत आली. लेकीनं आणून दिली. एकालाही हूक नव्हता. लेक म्हणाली, "खालाचे डोळे दुखतात म्हणे." मी स्वतः हूक लावायला बसले. एका ब्लाऊजला अर्धा-पाऊण तास. बोटं भोसकली, पाठ मोडली, आणि चार ब्लाऊज होईस्तोवर मला तो चौथा धडा उलट्या बाजूनं कळला. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचे हूक, सगळे फुकट. माझ्या तासाचा भाव मी काढला, तिच्या तासाचा काढलाच नाही. दीडशे रुपयांच्या पुस्तकात एवढं एक वाक्य नव्हतं, की आधी स्वतःच्या अंगावर किती फुकटचं आहे ते मोज. संतापानं मी ते पुस्तक भिंतीवर आपटलं. पुस्तकाला काय होतंय? भिंतीचा पोपडा पडला.

त्यानंतर मी विटेखालची नोट घ्यायची बंद केली. नळी टाकायची, ड्रम भरून द्यायचे, नोट तिथंच ठेवायची. तर पुढच्या पाण्याला खाला त्यावर दुसरी नोट ठेवायची. तिसऱ्यांदा तिसरी. मी घेईना, ती ठेवायची थांबेना. नोटा वाऱ्यानं उडू नयेत म्हणून आम्ही दोघीही वीट मात्र नीट ठेवायचो. गल्लीतल्या बायका बघायच्या, बोलायचं कुणी नाही. आणि पाण्याची हाक बंद झाली होती. दोनदा माझं पाणी चुकलं.

पुरणपोळ्या केल्या तेव्हा लेकीबरोबर ताट पाठवलं. आमच्याकडं शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालून देतात. खालाचं ताट तर कधी शेवयांशिवाय आलं नव्हतं. या वेळी आलं ते लख्ख घासलेलं, पुसलेलं, आणि रिकामं. ते रिकामं ताट हातात घेऊन मी स्वयंपाकघरात रडले. लेक विचारत होती, आई, काय झालं? तिला काय सांगणार, तुझ्या आईनं भाव काढला म्हणून?

आता माझा मूर्खपणा बघा. पुस्तकानं केलेलं निस्तरायला मी दुसरं पुस्तक घेतलं. हे आनंदावरचं. क्रांती चौकातच, त्याच दुकानात. त्यात एक अख्खा धडा माफीवर. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, "मला माफ कर" असं स्पष्ट म्हणा, मग स्वतःलाही माफ करा आणि खोल श्वास घ्या. मी गेले खालाकडं. डोळ्यांत बघितलं. म्हटलं, "खाला, मला माफ करा. माझं चुकलं."

खाला म्हणाली, "कायकी माफी? तू गलत क्या बोली? बराबर बोली." वर म्हणाली, "बैठ, चाय पी." पाहुण्याला म्हणतात तसं. बारा-तेरा वर्षांत तिनं मला बैठ कधी म्हटलं नव्हतं, मी आपली जाऊन बसायची. मी चहा प्यायले, आभार मानले आणि घरी आले. खोल श्वास घ्यायचं राहूनच गेलं. मग तिसरं पुस्तक घेतलं, चौथं घेतलं. प्रत्येकात तेच, फक्त वरचं चित्र निराळं. कशात सूर्य उगवतोय, कशात फुलपाखरू उडतंय. कुणालाच शेजारीण नाही, कुणाच्याच भिंतीवर वीट नाही.

उन्हाळा संपताना खालाचा मुलगा आला. गुडघ्यांचं ऑपरेशन जालन्यालाच करायचं ठरलं होतं. मी फॉलच्या साड्या पोचवायला गेले होते, परत येईस्तोवर रिक्षात बसवून घेऊन गेलासुद्धा. खालाच्या दाराला कुलूप. लेक आमच्या उंबऱ्यावर तोंड पाडून बसलेली. मी तशीच आत गेले आणि स्टुलावर चढून भिंतीवरची वीट उचलली.

तिनं ठेवलेल्या सगळ्या नोटा तिनं परत नेल्या होत्या. खाली एकच नोट होती, मधोमध फाटलेली, टेप लावलेली. माझी.

मी स्टुलावरच उभी राहिले. म्हणजे मी नोटा घ्यायचं सोडल्यापासूनचं माझं पाणी तिनं फुकट घेतलं, पूर्वीसारखं. आणि माझं घर भरलं त्याचे पैसे तिनं कधी घेतलेच नव्हते. नुसते सांभाळून ठेवले होते, एवढे महिने. हे तिनं तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी तरी तोंडानं काय सांगितलं होतं, पुस्तकातलं वाक्य. संध्याकाळी ह्यांना नोट दाखवली. हे म्हणाले, "जालना काय परदेशात हाय व्हय? जाऊन ये." म्हटलं, कोणत्या तोंडानं जाऊ, आणि काय घेऊन? फळं न्यावीत, साडी न्यावी, का गुडघ्यांचं तेल? जे न्यावं ते पुन्हा किमतीचंच वाटणार. अशात दीड महिना गेला.

आणि मग एक दिवस माझ्याकडं पंधरा ब्लाऊज शिवून पडलेले, हूक लावायचे राहिलेले. मी ते पिशवीत कोंबले आणि सकाळची एस.टी. पकडली. दुसरं काहीच घेतलं नाही. रस्ताभर वाटत होतं, ऑपरेशन झालेल्या बाईकडं कुणी असं जातं का? लोक शेण घालतील तोंडात.

मुलाच्या घरी खाला दाराशी खुर्चीवर बसली होती, दोन्ही पाय समोर स्टुलावर. मला बघून म्हणाली, "आ गई?" आणि माझ्या हातांकडं बघायला लागली, काय आणलं ते. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं एक ब्लाऊज काढला, पुढची पट्टी बोटांनी चाचपली.

"हूक नै लगाये?"

"नाही. मला वेळ नाही खाला. तुम्ही करून द्या."

ती माझ्याकडं बघत राहिली. "कित्ता देगी?"

"काही नाही देणार."

आतून तिची सून बघत होती, ही कोण बाई आजारी माणसाकडं काम घेऊन आली म्हणून. मग खालानं ब्लाऊज मांडीवर पसरला, ब्लाऊजमागून ब्लाऊज मोजले आणि हात पुढं केला.

"सुई में धागा डाल के दे," म्हणाली. "मेरेकू दिखता नै अब."

मलाही डोळ्यांपुढं धड दिसत नव्हतं. तिसऱ्या खेपेला दोरा गेला.